साडीला खिसा नसतो: फोनच्या कापडी पिशवीची गोष्ट

ज्यांना एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला बरा वाटतो, त्यांच्यासाठी हा लिहून काढलाय. रेकॉर्डिंगमध्ये घाईत सुटलेल्या दोन-तीन गोष्टीही इथे घातल्यात.

सुरुवात एका किमतीपासून करू. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये अ‍ॅपलने इस्से मियाके या जपानी फॅशन हाऊससोबत मिळून ‘आयफोन पॉकेट’ नावाची वस्तू बाजारात आणली. वस्तू म्हणजे काय, तर फोन ठेवायची विणलेली पिशवी. गळ्यात नाहीतर हातात अडकवायची. आखूड पट्ट्याची १४९.९५ डॉलरला, लांब पट्ट्याची २२९.९५ डॉलरला. आपल्या पैशात साधारण १३ हजार आणि २० हजार. नेटवर लोकांनी ‘हा तर मोजा आहे’ म्हणून मनसोक्त हसून घेतलं. त्यात गंमत अशी की २००४ मध्ये याच कंपनीने खरोखर ‘आयपॉड सॉक्स’ नावाने सहा रंगांचे सहा मोजे २९ डॉलरला विकले होते.

मीही हसलो. पण जरा जपूनच. कारण त्याच्या आदल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी गावी आजीच्या शेजारी बसून अशीच एक पिशवी शिवली होती. कापड माझ्या जुन्या जीन्सचं, खर्च शून्य. आणि ती शिवताना आजीने एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर शोधता शोधता हा एपिसोड झाला.

आधी पिशवी का लागली ते सांगतो. आमच्या गावच्या घरात बरीच वर्षं एकच फोन होता, बटणांचा. तो आजोबांच्या बंडीच्या खिशात असायचा. आजीच्या बहिणीचा फोन आला तरी आधी आजोबा बोलणार, मग ‘घे, बोल’ म्हणून फोन आजीकडे, आणि दोन मिनिटांनी पुन्हा खिशात. यात आजोबा वाईट होते असं काही नाही. खिसा त्यांना होता, एवढंच. आजोबा गेल्यावर आम्ही आजीला स्मार्टफोन घेऊन दिला. आता फोन आजीचा. पण आजी नेसते नऊवारी. ती फोन ठेवणार कुठे? फडताळावर. आणि स्वतः गोठ्यात, परड्यात, नाहीतर देवळात.

एका दुपारी तिच्या बहिणीने तीन वेळा फोन केला. फोन फडताळावर वाजत राहिला. आजी गोठ्यात होती. संध्याकाळी तिला मिस्ड कॉल बघता येत नव्हते, कारण ते कसे बघायचे हे आम्ही कुणी तिला शिकवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याचा फोन आला की मावशी गेली.

आजी यावर फार काही बोलली नाही. मी गावी गेलो तेव्हा म्हणाली, “तुमच्या कपड्यास्नी एवढं खिसं आन् आमच्या लुगड्याला एक बी न्हाई. आसं का रं?”

मी बीटेक. असल्या प्रश्नावर माझी पहिली प्रतिक्रिया म्हणजे ऑनलाइन कव्हर ऑर्डर करणे. आजी म्हणाली, पैसे कशाला घालवतोस, तुझी ती फाटकी पॅन्ट आण.

आता प्रश्नाकडे येऊ.

‘खिसा’ हा शब्द फारसीतल्या ‘कीसा’वरून आला, आणि कीसा म्हणजे पिशवी. इंग्रजीतलं ‘पॉकेट’ही तसंच. ‘पोक’ म्हणजे झोळी, तिचं लहान रूप ते पॉकेट. दोन्हीकडे मूळ वस्तू कपड्यापासून वेगळी आहे. कमरेला बांधायची, गळ्यात अडकवायची थैली. ती कपड्याच्या आत शिवली जाणं ही खूप नंतरची सोय आहे. आपल्या बाराबंदीकडे बघा, नुसते बंद. पैसे ठेवायचे तर धोतराच्या कनवटीला, नाहीतर ‘कसा’ नावाच्या लांबट पिशवीत. तो कसा कमरेला गुंडाळून बांधायचे. पान-तंबाखूला चंची. चंची ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: कापडाची लांब पट्टी, तिला कप्पे, एकात पानं, एकात सुपारी, एकात कात, चुन्याची डबी वेगळी. सगळी गुंडाळायची आणि दोरीने बांधायची. आजच्या ट्रॅव्हल ऑर्गनायझरचं डिझाइन हेच आहे, फक्त चेन नवीन. बायकांकडे नाडीचा बटवा. घरगुती औषधांना आपण ‘आजीबाईचा बटवा’ म्हणतो तो हाच. आणि बटवाही नसेल तर पदराची गाठ.

म्हणजे एकेकाळी खिसा कुणालाच नव्हता. मग पुरुषांना मिळाला कधी?

युरोपात याची नोंद बरीच नीट सापडते, कारण तिथे संग्रहालयांनी चिंध्यासुद्धा जपून ठेवल्यात. साधारण सतराव्या शतकात पुरुषांच्या कोट आणि विजारींमध्ये खिसे आत शिवले जाऊ लागले. बायकांचे मात्र सुटेच राहिले. पेरूच्या फोडीसारख्या आकाराच्या एक-दोन पिशव्या, नाडीने कमरेला बांधलेल्या, घागऱ्याच्या आत. वरच्या घागऱ्याला बाजूने चीर, तिच्यातून हात आत घालायचा. या पिशव्या बायका घरीच शिवायच्या, आणि कित्येक तर जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये असे खिसे आजही आहेत. बार्बरा बर्मन आणि आरियान फेनेतो या दोन संशोधकांनी २०१९ मध्ये त्यांच्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं मला पटलं. ज्या काळात लग्न झालेल्या बाईच्या नावावर कायद्याने जवळपास काहीच नसायचं, त्या काळात ही पिशवी म्हणजे तिची स्वतःची अशी जागा होती. आत किल्ल्या, नाणी, सुईदोरा, चिठ्ठ्या. दुसऱ्याने हात घालायचा नाही.

मग अठराव्या शतकाच्या शेवटी फॅशन बदलली. झगे अरुंद, अंगालगत आले. आत पिशवी बांधली तर फुगवटा दिसणार. म्हणून पिशवी बाहेर आली आणि हातात धरायची छोटी पर्स झाली. पुरुष मोकळ्या हाताने फिरतायत आणि बायकांचा एक हात कायम पर्सला, हे तेव्हापासूनचं. १९१० मध्ये अमेरिकेत मतदानाचा हक्क मागणाऱ्या बायकांसाठी भरपूर खिशांचा सूट निघाला, तेव्हा ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने त्याची वेगळी बातमी केली होती. सूटला खिसे आहेत, ही बातमी!

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर एक आकडा देतो. २०१८ मध्ये ‘द पुडिंग’ या वेबसाइटने २० ब्रँडच्या ८० जीन्स घेऊन खिसे मोजले. बायकांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांपेक्षा सरासरी ४८ टक्के आखूड आणि ६.५ टक्के अरुंद निघाले. तेव्हाचे मोठ्या ब्रँडचे फोन पूर्ण मावतील असे खिसे बायकांच्या जीन्सपैकी जेमतेम ४० टक्क्यांना होते. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणींना हा आकडा सांगितला तर त्यांनी ‘यासाठी वेबसाइट लागली?’ असं विचारलं.

आपल्याकडे सदऱ्याला, बंडीला, कोटाला खिसे आले. साडी हे न शिवलेलं कापड. त्याला खिसा लावणार तरी कुठे? मग पैशाची पर्स ब्लाउजमध्ये आणि चाव्या कमरेला. फोनसुद्धा पुष्कळ बायका ब्लाउजमध्येच ठेवतात, आणि घाम लागून बंद पडलेले फोन गावच्या रिपेअरवाल्याला तोंडपाठ असतात. आजीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं लांबत गेलं. ती ऐकत होती आणि सुईत दोरा ओवत होती. (चष्म्याशिवाय. मला चष्मा लावून जमलं नाही.)

आता कापडाबद्दल. इथे मी जरा रमणार आहे, आधीच सांगतो.

जीन्स म्हटली की आपल्या डोळ्यासमोर अमेरिका येते. २० मे १८७३ला जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांना खिशाच्या कोपऱ्यांवर तांब्याची रिव्हेट ठोकण्याचं पेटंट मिळालं. म्हणजे बघा, जीन्सचा जन्मच मुळी फाटणाऱ्या खिशातून झालाय. जेकब डेव्हिस हा शिंपी. मजुरांच्या विजारींचे खिसे अवजारांच्या वजनाने उसवायचे, त्यावर त्याने काढलेला तोडगा हा. पण मजुरांच्या आणि खलाशांच्या जाड निळ्या कपड्यांना इंग्रजीत आणखी एक शब्द आहे, ‘डंगरी’. हा शब्द कुठून गेला? आपल्या मुंबईतून. ‘डुंगरी’ किंवा ‘डोंगरी’ नावाचं जाडंभरडं सुती कापड इथून बाहेर जायचं, आणि त्याचं नाव मुंबईच्या डोंगरी भागाशी जोडलं जातं. सतराव्या शतकापासून इंग्रज व्यापाऱ्यांच्या लिखाणात ते दिसतं. १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन कोशातही त्याची नोंद आहे. शिडांना, तंबूंना, खलाशांच्या कपड्यांना हे कापड वापरलं जायचं. सँडहर्स्ट रोड स्टेशनला उतरून तुम्ही ज्या डोंगरीतून चालत जाता, ती डोंगरी जगभरातल्या कपाटांत लटकलेली आहे. हे मला कळलं तेव्हा मी आजीला सांगितलं. आजी म्हणाली, “मग आपलंच हाय की.”

जीन्सच्या उजव्या खिशात एक बारकासा खिसा असतो ना, ज्यात काहीच मावत नाही? तो घड्याळाचा. १८७०च्या दशकातल्या विजारींना फक्त चार खिसे होते: पुढे दोन, मागे एक आणि घड्याळाचा एक. मागचा दुसरा खिसा १९०१ साली आला. खिशातलं घड्याळ म्हणजे त्या काळचं सगळ्यात महागडं गॅजेट, आणि त्याला कव्हरही असायचं. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये घड्याळाला दोन डब्या असत, एकीत दुसरी. मधली फट धुळीपासून वाचवायला त्यात कागदाची नाहीतर भरतकाम केलेल्या मलमलीची गोल चकती बसवत. पुष्कळ चकत्या बायकोने किंवा प्रेयसीने हाताने भरलेल्या. मला हा फोन कव्हरचा सर्वात जवळचा पूर्वज वाटतो: महाग यंत्र, आणि त्याला लागू नये म्हणून कुणीतरी बसून केलेलं कापडाचं काम.

आपल्याकडचा पूर्वज मात्र यंत्राचा नाही, निरोपाचा आहे. राजेरजवाड्यांची पत्रं नुसती पाठवली जात नसत. पत्र आधी मलमलीच्या पिशवीत, ती किनखाबाच्या थैलीत, थैलीचं तोंड दोरीने बांधलेलं आणि दोरीला मोहोर. या थैलीला अरबी-फारसीत ‘खरीता’ म्हणत. मराठीत त्याचा झाला खलिता. पुढे थैली राहिली बाजूला आणि खलिता म्हणजे पत्रच, असा अर्थ रुळला. निरोप आणि त्याचं कव्हर यांना एकच शब्द. आजी मात्र याच्या बरोब्बर उलट करते. पिशवीला ती ‘मोबाईल’ म्हणते. “माझा मोबाईल धुवायला टाकलाय” हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता.

शिवणकामाकडे येतो. माझी पहिली पिशवी फुकट गेली. मी फोन मोजला: रुंदी ७.६ सेंटीमीटर, लांबी १६. दोन्ही बाजूंना शिलाईसाठी एकेक सेंटीमीटर सोडून ९.६ रुंदीचे दोन तुकडे कापले. अभिमानाने टाके घातले. फोन आत जाईना. आजी म्हणाली, “आरं, जाडी धरलीस का?” नव्हती धरली. पिशवीच्या आत घेर मिळाला १५.२, आणि फोन ०.९ जाड म्हणजे त्याला हवा १७. ऑफिसात असा बग दुसऱ्या कुणाच्या कोडमध्ये सापडला असता तर मी चार शब्द ऐकवले असते. आजी मोजपट्टी घेतच नाही. फोन कापडावर ठेवते, चारी बाजूंनी बोटभर जागा सोडून खडूने रेघ मारते, झालं. तिच्या त्या बोटात जाडी, शिलाई आणि फोन सहज निघायची सैल जागा, सगळं येतं.

घरच्या जुन्या शिलाई मशीनवर जीन्सच्या चार घड्या घातल्या तर सुई मोडली. जाड कापडाला १६ नंबरची सुई लागते, ती नव्हती. मग हातानेच. शिलाई मशीनचा इतिहास हा वेगळ्या एपिसोडचा विषय आहे. इथे एवढंच सांगतो, की एलिअस हाऊचं पेटंट १८४६चं आणि यंत्रांबद्दल इतके साशंक असलेल्या गांधीजींनी १९२४ मधल्या एका संभाषणात शिलाई मशीनला खास सूट दिली होती.

हाताने म्हणजे धावदोरा. गोधडीचा टाका. जुनी लुगडी, धोतरं, एकावर एक थर, सगळ्यात विरलेलं कापड मध्ये, धड असलेलं वर आणि खाली, आणि कडेपासून मध्याकडे चौकोनात फिरत जाणारा दोरा. थंडीसाठी काढलेली ही रीत फोनलाही लागू पडते, कारण फोन पडल्यावर काच फुटते ती धक्का एका क्षणात बसतो म्हणून. मध्ये दबणारे थर असले की तोच धक्का थोड्या जास्त वेळात वाटला जातो. आजीच्या पिशवीत तीन थर आहेत. बाहेर माझी जीन्स. मध्ये तिच्या विरलेल्या लुगड्याचा तुकडा. आणि आतलं अस्तर, जे फोनच्या काचेला लागतं, ते आजोबांच्या पांढऱ्या बंडीचं. मी विचारलं, ही कशाला कापतेस. ती म्हणाली धुऊन धुऊन मऊ झालीय, काचेला ओरखडा येणार नाही. तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर. तिने बंडीचा नेमका कुठला भाग कापला ते मी नंतर बघितलं. खिशाचा.

तोंडाला टिचबटण. वरून गळ्यात घालायला जीन्सच्या कडेची जाड शिवण कापून केलेला पट्टा, कारण पॅन्टीत सगळ्यात मजबूत तीच असते. पट्टा दोन्ही बाजूंना नुसता वर टाचू नका, दोन बोटं आत घेऊन चौकोनात शिवा, नाहीतर महिन्यात उसवेल. आणि एक सूचना गंभीरपणे: फोन पिशवीत ठेवून चार्जिंगला लावू नका. जे थर धक्का अडवतात तेच उष्णताही अडवतात, आणि बॅटरीला ते मानवत नाही.

शेवटचा एक आकडा आहे, तो टाळून पुढे जाता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं जातं, की तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याकडे आहे का? २०१५-१६ मध्ये ४६ टक्के जणी हो म्हणाल्या, २०१९-२१ मध्ये ५४ टक्के. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ला झाला. म्हणजे २५ वर्षांनंतरही जवळजवळ निम्म्या बायकांचा फोन दुसऱ्या कुणाच्या तरी खिशात होता. माझी आजी तर या सर्वेक्षणाच्या वयोगटातच बसत नाही.

सध्याची परिस्थिती अशी. आजीला फोन केला की दुसऱ्या रिंगला उचलते. आधी ‘टिच’ असा आवाज येतो, मग कापडाची खसखस, मग “बोल बाळा”. मिस्ड कॉल कसे बघायचे ते तिला आता येतं, आणि ती ते रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर बघते. एकही नसला तरी बघते.

तिच्या भजनी मंडळातल्या सहा जणींनी पिशव्या सांगितल्यात. माझ्या जीन्स संपल्या आहेत. पुण्यात कुणाकडे फाटक्या पडून असतील तर मेसेज करा, बोहारणीला द्यायच्या आधी. फक्त ताणली जाणारी स्ट्रेच जीन्स नको, आजीने ती कालच परत पाठवलीय.